जवळची खूण

टेबल मिळालं, तेही एका पायानं आखूड.
पायाखाली जुनी पावतीपुस्तकं सरकवली
आणि शहराचं ओळखपत्र देण्याचं काम सुरू झालं.
भवानी पेठ, तळमजला, जन्ममृत्यूच्या खिडकीशेजारी.
जन्माची रांग कधी कधी चुकून माझ्याकडे लागायची.
मृत्यूचीही.

साहेब म्हणाले, सोपं आहे.
जो राहतो, त्याला कार्ड.
राहतो म्हणजे काय, ते परिपत्रकात आहे:
वीजबिल, भाडेकरार, करपावती, यापैकी एक.
खाली बारीक अक्षरात,
अथवा सक्षम अधिकाऱ्याची खात्री पटल्यास.
सक्षम कोण, ते परिपत्रकात नव्हतं.

पहिला आठवडा मशीन सगळ्यांना निळसर छापायचं.
काशेवाडीच्या सुगंधा खुडे म्हणाल्या,
बुडालेली वर काढल्यासारखी दिसते गं मी.
पण पदरानं पुसून पुसून बघत राहिल्या.

अर्जातला नववा रकाना: जवळची खूण.
इथं लोक खुलतात.
घर नंबर विसरतात, पिनकोड मलाच विचारतात,
पण खूण म्हटलं की हात वर जातो,
हवेत डावीकडे वळतो, बोळात शिरतो.
जळक्या वखारीसमोर. (वखार जळून बावीस वर्षं झाली.)
पिंपळ होता तिथं.
मी नसलेल्या गोष्टी टाइप करत गेले.
संगणकानं एकदाही हरकत घेतली नाही.

आणि मग,
चावीवाल्या अजूभाईसमोर.
अजूभाईच्या मागचा जिना.
चावीवाला बसतो, त्याच्या वर, गॅलरी हिरवी.

तो स्वतः आला मंगळवारी,
जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना.
अजमुद्दीन शिकलगार. रामोशी गेटला चाळीस वर्षं,
एक पेटी, एक छत्री, तारेत ओवलेल्या किल्ल्या.
झोपायला कोंढव्यात मेहुण्याकडे.
मेहुणा बोलत नसेल तेव्हा पेटीमागे.
वीजबिल नाही. करार नाही.
पावती म्हणाल तर अतिक्रमणवाले दंडाची देतात,
ती चालेल का?
पिशवीतून सतरा काढल्या, तारखेवार,
प्रत्येकीवर आमचाच शिक्का.

परिपत्रकात दंड नव्हता.

नवव्या रकान्याला त्याचा हात वर गेला नाही.
लोकांना मी सांगतो कुठं काय आहे, म्हणाला,
माझं कुणी विचारलं नाही अजून.
रांगेतून एक पोरगं ओरडलं,
आमच्या घरासमोर लिहा की!
लिहिलं. सोनवण्यांच्या घरासमोर.
सोनवण्यांच्या अर्जावर काय होतं, ते मला पाठ होतं.

संध्याकाळी नाव टाकून शोधलं. एकतीस अर्ज.
छापले, टाचले, वर सतरा पावत्या,
साहेबांच्या टेबलावर ठेवलं.
शेरा आला, चर्चा करावी.
चर्चा झाली. चहा झाला.
साहेब म्हणाले, खात्री पटलीय हो माझी,
फक्त मी सक्षम आहे का, ते वर विचारावं लागेल.
पत्राचा मसुदा मीच केला.
उत्तर यायचंय.

गुरुवारी लोखंडी कपाटाची किल्ली हरवली.
कोरी कार्डं आत, बाहेर साठ माणसं.
शिपाई पळत गेला आणि अर्थातच त्यालाच घेऊन आला.
तो उकिडवा बसला, कुलपाला कान लावला,
रांग आपोआप गप्प झाली.
चार मिनिटं लागली असतील.
दार उघडल्यावर त्यानं आत पाहिलं,
गठ्ठेच्या गठ्ठे, चेहरा नसलेले,
आणि बघायचं नसल्यासारखा बाजूला झाला.

दीडशे रुपये झाले.
लेखा विभाग म्हणाला, व्हाउचर करतो,
सोबत ओळखपत्राची झेरॉक्स लागेल.

कुणी हसलं नाही. मी खाली बघून टाचण्या वेचत होते.
अजूभाईनं हात पँटला पुसले,
नवी किल्ली माझ्यासमोर दोनदा फिरवून दाखवली.
डावीकडे जरा अडते, म्हणाला.
पण जोर करू नका. लागते.